कोळसा सापडला, पण वाहून कोण नेणार?

कामठी गावाची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी लागत नाही. कन्हान नदीचा काठ, लष्कराची छावणी, विडी कामगारांच्या वस्त्या आणि बाबू हरदासांचे गाव म्हणून कामठी आपल्या घराघरात माहीत आहे. पण याच कामठीचे नाव भूगर्भशास्त्राच्या जाड जाड पुस्तकांतही छापलेले आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? जमिनीखालच्या तांबूस वालुकाश्माच्या एका थराला शास्त्रज्ञ ‘कामठी थर’ म्हणतात. वर्धा नदीच्या खोऱ्यात हा थर वर आणि त्याच्या पोटात ‘बराकर थर’ खाली. कोळसा असतो तो या बराकर थरात. बराकर ही बंगाल-झारखंडच्या सीमेवरची नदी. आणि या सगळ्या खडकांच्या कुळाला १८७२ साली मेडलिकॉट नावाच्या साहेबाने जे नाव दिले, ते गोंडांच्या मुलखावरून, ‘गोंडवन’. पुढे १८८५ साली एडुआर्ड झ्यूस या युरोपीय पंडिताने प्राचीन काळच्या एका अखंड दक्षिण भूखंडालाच ‘गोंडवनभूमी’ म्हटले.

म्हणजे पहा, गोंडांचे नाव जगाच्या नकाशावर गेले. गोंड माणूस मात्र जिथे होता तिथेच राहिला. असो.

आम्ही पडलो कारकून माणूस. वाणिज्य शाखेचे शिक्षण आणि जन्मभर जमाखर्चाच्या वह्या. त्यामुळे एखादी वस्तू समोर आली की ती किती सुंदर आहे हे आम्हाला आधी सुचत नाही. ती कुठून आली, वाटेत किती हातांतून गेली आणि प्रत्येक हाताला काय मिळाले, हे सुचते. चाळीतल्या शेगडीत जळलेला दगडी कोळसा असो की आज चंद्रपूरच्या वीज केंद्रात जळणारा असो, त्याची कथा याच डोळ्यांनी पहावी म्हणून हा लेखप्रपंच.

कथा आपल्या वर्ध्याच्या खोऱ्यात सुरू होत नाही. ती सुरू होते बंगालमध्ये, दामोदर नदीच्या काठी. म्हणून आधी तिकडे जाऊ, मग परत येऊ.

१७७४ साली, वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत, सम्नर आणि हीटली या ईस्ट इंडिया कंपनीच्या दोघा नोकरांनी राणीगंज भागात कोळसा खणण्याची परवानगी मिळवली. कोळसा निघाला, कलकत्त्याला पोचलाही. पण तपासणीत तो विलायती कोळशापेक्षा हलका ठरला आणि कंपनीने हात आखडता घेतला. मग चाळीस वर्षे सामसूम. १८१५ च्या सुमारास जोन्स नावाच्या इंग्रजाने राणीगंजला पुन्हा खाण सुरू केली, तोही बुडाला. त्याची खाण अलेक्झांडर कंपनी या कलकत्त्याच्या व्यापारी पेढीकडे गेली, पुढे ती पेढीही बुडाली. शेवटी १८३६ साली ही खाण विकत घेतली द्वारकानाथ टागोरांनी. रवींद्रनाथांचे हे आजोबा. त्यांच्या ‘कार, टागोर आणि कंपनी’ने कोळशाचा धंदा खऱ्या अर्थाने उभा केला आणि १८४३ साली त्यातूनच बेंगॉल कोल कंपनी निघाली.

आता वाचकांनी विचारावे, एकामागून एक माणसे बुडत का होती? कोळसा तर जमिनीत ठासून भरलेला होता!

उत्तर नदीत आहे. सोन्याची चिप खिशात घालून कलकत्त्याला नेता येते. कोळसा स्वस्त आणि जड. एक रुपयाच्या मालाला वाहून न्यायला दीड रुपया लागला तर तो माल खाणीतच बरा. राणीगंजहून कलकत्त्याकडे जायचा स्वस्त मार्ग एकच, दामोदर नदी. आणि दामोदर म्हणजे उन्हाळ्यात वाळू आणि पावसाळ्यात पूर. नावा चालायच्या त्या फक्त पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत, नदी फुगली की. म्हणून वर्षभर कोळसा खणायचा, बैलगाडीने घाटावर आणायचा, ढिगारे लावून ठेवायचे आणि पावसाची वाट पहायची. पूर आला की नावा भरून खाली आमता गावच्या गोदामापर्यंत सोडायच्या. आमत्यापासून पुढे नदी बरी, तिथून मोठ्या नावांतून सवडीने कलकत्ता.

या एका गोष्टीने सगळा हिशेब कसा बदलतो पहा. मजुराला पैसे आज द्यायचे, माल विकायचा सहा-आठ महिन्यांनी. मधल्या काळाचे व्याज कोण भरणार? घाटावर पडून कोळशाचा चुरा होतो. चुऱ्याला भाव कमी. चार वेळा भरणे, चार वेळा उतरवणे, दर खेपेला काही चुरा, काही सांडलेला, काही चोरीला. पुरात नाव उलटली तर माल, नाव आणि नावाडी तिन्ही गेले. आणि नावा मोजक्याच. ज्याच्या ताब्यात नावाडी त्याचा माल आधी जाणार, दुसऱ्याचा ढीग पुढच्या पावसाळ्यापर्यंत तसाच. द्वारकानाथांची खरी हुशारी खाणकामात नव्हती. ज्या आगबोटींना कोळसा लागतो त्या धंद्यातही त्यांचे पाय रोवलेले होते. कलकत्त्याच्या बंदरात गलबते ओढणाऱ्या आगबोटींची कंपनी त्यांनी काढली होती. खणणारा तोच, गिऱ्हाईकही तोच. बाजार त्यांनी आधी बांधला.

सरकारलाही आता कोळसा हवा होता, तो आगबोटींसाठी. विलायतेहून कोळसा आणून इथल्या बोटी चालवणे म्हणजे घरी विहीर असून टँकर मागवणे. तेव्हा १८३० च्या दशकात सरकारने कोळशाचा शोध घेण्यासाठी एक समिती नेमली. समितीने कुठे कुठे कोळसा दिसतो त्याच्या बातम्या गोळा केल्या, पण बातम्या म्हणजे पाहणी नव्हे. पाहणीसाठी १८४६ साली डेव्हिड विल्यम्स नावाचा भूगर्भतज्ज्ञ इंग्लंडहून आला. दामोदरच्या जंगलात तो हत्तीवरून हिंडला, नकाशे काढले, आणि १८४८ साली जंगलातल्या तापाने तिथेच मेला. त्याच्यानंतर १८५१ साली थॉमस ओल्डहॅम आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही जी आजही चालू असलेली संस्था आहे, तिचा जन्म त्यांच्या येण्यापासून धरला जातो.

ही पाहणी करायचे कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मुलांना भूगोलाच्या पुस्तकात हे कोणी सांगत नाही.

जमीन खणत सुटायचे नसते. आधी ओढ्या-नाल्यांच्या काठाने चालायचे. पाण्याने जिथे काठ कापलेला असतो तिथे खडकांचे थर उघडे पडतात, ज्वारीच्या भाकरीची चवड कापावी तसे. कुठेतरी काळी पट्टी दिसते. मग होकायंत्राने ती कोणत्या दिशेला धावते ते पहायचे आणि कोन मोजायच्या साधनाने ती किती अंशांनी जमिनीत उतरते ते टिपायचे. पट्टी दहा अंशांनी उतरत असेल, तर अर्ध्या मैलावर ती साडेचारशे फूट खोल असणार, हे कागदावर गणित करून सांगता येते. खडकात दबलेली पाने तपासायची. गोंडवन खडकांत ‘ग्लॉसोप्टेरिस’ नावाच्या झाडाची जिभेसारखी लांबट पाने सापडतात. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतली ही झाडे. त्यांचाच हा कोळसा. पान सापडले की आपण योग्य थरात आहोत, ही खूण पटते. आणि जिथे वर माती किंवा कामठी थर पसरलेला आहे, काही दिसतच नाही, तिथे लोखंडी सळया ठोकून बोअर मारायचे आणि वर आलेला चुरा पहायचा. मग कोळशाचा नमुना जाळून मागे राख किती उरते ते तोलायचे. राख जास्त म्हणजे वाहतुकीचा पैसा राखेवर खर्च.

अहवालात साहेबाचे नाव असते. सळई ठोकणारा, साखळी धरणारा, अमुक नाल्यात काळा दगड आहे म्हणून वाट दाखवणारा गावकरी, यांची नावे मुखपृष्ठावर नसतात. पदवीधर हिंदी माणसाचीही अवस्था फार निराळी नव्हती. प्रमथनाथ बोस १८८० साली या खात्यात वरच्या श्रेणीत दाखल झाले. पुढे त्यांना सेवेने कनिष्ठ असलेल्या थॉमस हॉलंड या साहेबाला वर चढवले गेले, तेव्हा १९०३ साली बोसबाबूंनी राजीनामा दिला. सरकारी कचेरीत ज्यांनी बढतीची यादी डोळ्यांत तेल घालून वाचली आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्याच बोसबाबूंनी १९०४ मध्ये मयूरभंजच्या लोखंडाबद्दल टाटांना पत्र लिहिले आणि पुढे जमशेदपूर उभे राहिले.

पाहणी झाली, नकाशे झाले. तरीही कोळसा जागचा हलेना. हलला तो आगगाडीने. फेब्रुवारी १८५५ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वे हावड्याहून राणीगंजला पोचली आणि दामोदरच्या पुराची वाट पहायचे कारण संपले. नावाडी उठले, आमत्याच्या गोदामांचे महत्त्व गेले. पण सगळ्यात बोलका दाखला झरियाचा आहे. झरियाचा कोळसा राणीगंजपेक्षा सरस, पोलाद गाळायला चालणारा. ह्यूज नावाच्या सर्वेक्षकाने १८६६ साली त्याची पाहणी केली. म्हणजे सरकारला ठाऊक होते, नकाशा तयार होता. तरीही जवळजवळ तीस वर्षे झरिया तसेच पडून राहिले, कारण रूळ नव्हते. १८९४ साली रूळ आले आणि दहा-बारा वर्षांतच झरियाने राणीगंजला मागे टाकले. १९०० साली देशाचे उत्पादन वर्षाला सुमारे ६१ लाख टन होते. १९२० पर्यंत ते सुमारे १ कोटी ८० लाख टनांवर गेले.

आता आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे येऊ.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. तिच्या इंजिनांना कोळसा पाहिजे होता, आणि बंगालचा कोळसा फार लांब. त्याच सुमारास चांदा जिल्ह्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात शोध सुरू झाला. १८७१ साली वरोऱ्याला सरकारनेच खाण उघडली. आज लोक वरोरा ओळखतात ते आनंदवनामुळे. पण त्याआधी ते कोळशाचे गाव होते. झरियाची पाहणी केलेल्या त्याच ह्यूजने वर्धा खोऱ्याचाही सविस्तर अहवाल लिहिला, तो १८७७ चा. आणि इथे सरकारने बंगालमधली चूक केली नाही. वर्धा स्टेशनपासून वरोऱ्यापर्यंत सुमारे ४५ मैलांचा फाटा टाकला आणि त्याचे नावच ‘वर्धा कोल’ रेल्वे ठेवले. वाटेत हिंगणघाट. म्हणजे वाघिणींना कोळशाबरोबर कापसाचेही भाडे मिळाले.

वर्धा खोऱ्याच्या कोळशाला एक खोड आहे, ती इथल्या खाण कामगाराला अजून छळते. त्यात ओलावा जास्त. हवा लागली की तो भुरभुरतो आणि ढीग करून ठेवला तर आपोआप तापून पेट घेतो. म्हणून दामोदरच्या घाटावर जसा महिनोन् महिने साठवला तसा हा साठवता येत नाही. खणला की लगेच गाडीत आणि लगेच भट्टीत. असा माल जवळच्या गिऱ्हाइकालाच परवडतो. वरोऱ्याचा कोळसा संपत आला आणि १९०६ साली खाण बंद झाली. काम दक्षिणेला बल्लारपूरकडे सरकले, मागोमाग रूळही सरकले. १९२९ साली बल्लारशाह-काझीपेठ मार्ग जोडला गेला आणि कोळशासाठी टाकलेला तो फाटा दिल्ली-मद्रास या मुख्य रस्त्याचा तुकडा झाला. आज त्या गाडीत बसून चंद्रपूरकडे जाणाऱ्या आपल्या माणसाला, हा रूळ कोणासाठी टाकला होता, हे कोण सांगणार?

मग मुंबईच्या गिरण्यांचे काय? परळ-लालबागच्या धुराड्यांतून निघणारा धूर कोणत्या खाणीचा होता? सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर विलायतेचा! हजारो मैलांवरचा वेल्सचा कोळसा मुंबईत परवडत होता, कारण इकडे माल न्यायला येणारी जहाजे तळात कोळसा भरून कमी भाड्यात आणायची. झरियाहून मुंबई सुमारे बाराशे मैल, पण रेल्वेचे भाडे जबर. म्हणून बंगालचा कोळसा आधी कलकत्ता बंदरात, मग जहाजाने सिंहलद्वीपाला वळसा घालून मुंबईत यायचा. पहिल्या महायुद्धात जहाजे मिळेनात तेव्हा तोच कोळसा रेल्वेने धाडावा लागला आणि वाघिणींची ओढाताण झाली. युद्ध संपले, तर दक्षिण आफ्रिकेचा कोळसा मुंबईत येऊन बसला. तिकडच्या सरकारची निर्यातीला सवलत होती आणि मालाची प्रत तपासून दाखला मिळायचा. आपल्याकडे चांगल्या कोळशात दगड मिसळून देणारे महाभाग होते. शेवटी १९२५ मध्ये इथेही कोळशाची प्रत ठरवणारे मंडळ नेमण्याचा कायदा झाला.

वाघिणींवरून आठवले. रेल्वे ही कोळशाची सर्वांत मोठी गिऱ्हाईक, आणि कोळसा वाहणारीही तीच. गिरिडीहला तर तिच्या स्वतःच्या खाणी. म्हणजे भाव पाडून मागणारा, गाडी देणारा आणि शेजारी दुकान मांडून बसलेला, एकच! मोठ्या युरोपीय पेढ्यांना वाघिणी सहज मिळत आणि छोट्या हिंदी खाणमालकाचा माल खाणीच्या तोंडावर पडून राही, ही तक्रार त्या काळात वारंवार झाली. दामोदरवर नावाडी ज्याचा त्याचा माल पुढे जात होता. आता वाघीण ज्याची त्याचा.

इतका वेळ आम्ही भाडे, व्याज, घट, राख या रकमा मांडल्या. कोणत्याही खाणीच्या हिशेबात त्या सापडतात. पण कोळशाच्या प्रवासाचा पहिला टप्पा ना नावेचा असतो ना वाघिणीचा. तो असतो डोक्यावरच्या टोपलीचा. राणीगंज-झरियात पुरुष कोळसा तोडायचा, त्याला ‘मालकट्टा’ म्हणत. आणि त्याची बायको, आई किंवा मुलगी तो टोपलीत भरून अंधारातून टबापर्यंत वाहायची, तिला ‘कामीन’ म्हणत. संथाळ, बाउरी अशा जमाती-जातींची ही माणसे. बाउरी तर तिकडच्या अस्पृश्यांतले. जुन्या खाणींत कोळसा वर ओढायचे चाकही बायकाच फिरवत. मजुरी टबावर, जोडप्याला मिळून. टब पूर्ण भरला नाही म्हणून मुकादमाने कापला की दोघांची कमाई गेली. काही कंपन्यांनी जमीनदारी विकत घेऊन ठेवली होती. घरापुरती शेती हवी तर खाणीत ठरावीक दिवस कामाला या, ही अट. आपल्याकडच्या वेठीपेक्षा ते फारसे वेगळे होते असे आम्हाला वाटत नाही.

१९२९ च्या नियमांनी बायकांना जमिनीखालून हळूहळू काढायचे ठरले आणि १९३७ पर्यंत ती बंदी पुरी झाली. बंदी चांगली, पण घरातली अर्धी मजुरी गेली ती कोणी भरून दिली नाही. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३ साली सरकारने ती बंदी उठवली. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. देशातल्या महिला संघटनांनी याला कडाडून विरोध केला, आणि तो विरोध चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात यावर चर्चा झाली. ही युद्धापुरती तात्पुरती व्यवस्था आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, ही बाजू बाबासाहेबांनी तिथे मांडली. त्याआधी डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद-झरिया भागात गेले, खाणीत खाली उतरले, मजुरांच्या खोल्या पाहिल्या.

त्यानंतर जानेवारी १९४४ च्या शेवटी एक वटहुकूम निघाला, कोळसा खाण कामगारांच्या कल्याण निधीचा. घरे, दवाखाने, पाणी, शिक्षण यांसाठी हा पैसा. तो उभा कसा करायचा, यातच आमच्या कारकुनी डोळ्याला सारे दिसते. मालकाच्या नफ्यावर तो ठेवला नाही. नफा वहीत लपवता येतो. खाणीतून बाहेर रवाना होणाऱ्या कोळशावर टनामागे काही आणे उपकर बसवला आणि तो रेल्वेच्या भाड्याबरोबरच वसूल करायचा. माल तर बाजारात न्यायचाच आहे. नेला की पावती होणारच. ज्या भाड्याच्या कागदावर दीडशे वर्षे नाव, वाघीण, घट आणि व्याज यांच्याच रकमा चढत होत्या, त्यावर खाली मजुराच्या नावाची एक ओळ आली.

१ फेब्रुवारी १९४६ पासून बायकांना खाणीखाली उतरवण्याची बंदी पुन्हा लागू झाली. निधीचा १९४७ साली कायदा झाला आणि तो १९८६ पर्यंत चालला. मधल्या काळात, १९७३ साली, उरलेल्या खाणीही सरकारच्या झाल्या आणि पुढे वर्धा खोऱ्यातल्या खाणींचा कारभार नागपूरच्या वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आला. वरोऱ्याच्या जुन्या सरकारी खाणीत मजुरी करणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे आपल्या वाचकांत असतील. त्यांच्या घरी आजोबांच्या तोंडून ऐकलेले काही असेल, तर ते लिहून आमच्याकडे अवश्य पाठवावे.